गवताला खत कशाला? कुरणाच्या खताचा इतिहास आणि आपण



रेडिओवरच्या आपल्या शेती कार्यक्रमात कुरणाविषयी जे बोलणं झालं, त्यातलं बरंचसं वेळेअभावी राहून गेलं. ते सविस्तर या पत्रिकेत देत आहोत. सवडीने वाचा, घरातल्या जाणत्या माणसांना वाचून दाखवा आणि पुढच्या पावसाळ्यासाठी जपून ठेवा.

गावोगाव फिरताना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "साहेब, गवताला कुणी खत देतं का? ते पावसावर आपोआप येतं." उसाला खत, ज्वारीला खत, भाजीपाल्याला तर खतच खत. गवत मात्र देवाचं. पण हीच मंडळी पुढे सांगतात, "आजोबांच्या वेळी या माळावर कमरेइतका पवना आणि मारवेल असायचा. आता नुसती कुसळं राहिली. एप्रिल उजाडला की वैरण विकत आणावी लागते." ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडी असतात आणि दोन्ही एकमेकांना जोडलेली आहेत. कशी, ते इतिहासात डोकावलं की कळतं.

कुरणातून काय जातं?

आधी साधा हिशेब करू. गवत कापून, वाळवून, त्याचा भारा बांधून घरी आणला म्हणजे त्याबरोबर जमिनीतलं अन्नही घरी आलं. वाळलेल्या गवतात एक टक्का नत्र धरला, तर एक टन गवताबरोबर १० किलो नत्र शेतातून उठला. नुसत्या युरियाच्या भाषेत बोलायचं तर जवळजवळ अर्धं पोतं. पालाशही तितकाच किंवा थोडा जास्तच जातो. स्फुरद कमी जातो, पण आपल्या माळरानात तो मुळातच थोडा असतो.

जनावर कुरणात चरतं तेव्हा यातलं बरंचसं तिथल्या तिथे परत पडतं. खाल्लेल्या नत्राचा मोठा भाग, साधारण पाऊण हिस्सा, शेण आणि मूत्र यांतून बाहेर येतो. पालाश तर बहुतेक सगळाच बाहेर येतो, आणि त्यातला फार मोठा वाटा मुतात असतो. पण गवत कापून गोठ्यात आणलं की हे सारं गोठ्यात साठतं. गोठ्यातून ते उकिरड्यावर जातं, उकिरड्यावरून उसाला जातं, नाहीतर गोवऱ्या होऊन चुलीत जातं. कुरणाकडे कुणी वळत नाही. वर्षानुवर्षं नुसतं काढत राहायचं आणि ठेवायचं काहीच नाही. अशी पतपेढी किती दिवस चालेल?

सात एकरांचं कुरण

आता एका अशा कुरणाची हकीकत सांगतो, की जिथे हा हिशेब दीडशेहून जास्त वर्षं मांडला जातो आहे. इंग्लंडात लंडनच्या उत्तरेला हार्पेंडन नावाचं गाव आहे. तिथे रोथॅमस्टेड ही शेती संशोधन संस्था आहे. जॉन बेनेट लॉज या जमीनदाराने १८४३ साली आपल्याच जमिनीवर प्रयोग सुरू केले आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला सोबतीला घेतलं. गंमत अशी की, लॉज स्वतः खताचा कारखानदार होता. सुपर फॉस्फेट तयार करण्याचं पेटंट त्याने १८४२ साली घेतलं होतं. पण प्रयोगात जे दिसलं ते त्याने छापून टाकलं, मग ते खताच्या बाजूचं असो वा नसो. पुढे १८७२ साली त्याने खताचा धंदा विकला आणि १८८९ साली एक लाख पौंडांचा विश्वस्त निधी करून हे प्रयोग कायम चालतील अशी तजवीज केली.

या दोघांनी १८५६ साली एक जुनं कुरण निवडलं. क्षेत्र सुमारे सात एकर. निदान शंभर वर्षं तरी तिथे नांगर लागलेला नव्हता. सगळीकडे एकसारखं गवत होतं. त्याचे तुकडे पाडून कुणाला शेणखत, कुणाला नुसता नत्र, कुणाला स्फुरद-पालाश, कुणाला सगळं मिळून, आणि काही तुकड्यांना काहीच नाही, असा बेत केला. जून महिन्याच्या मध्याला गवत कापायचं, वाळवायचं, तोलायचं. पहिली एकोणीस वर्षं कापणीनंतरच्या फुटव्यावर मेंढ्या बसवत, तुकड्या-तुकड्यात वेगळ्या कोंडून. आपल्याकडे धनगर बांधव शेतात मेंढ्या बसवतात ना, तसंच. पुढे मेंढ्या बंद झाल्या आणि दुसरी कापणी सुरू झाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या कुरणात नवं बी कुणी पेरलं नाही. फरक फक्त खताचा. तरीही दोन-तीन वर्षांतच प्रत्येक तुकडा इतका वेगळा दिसू लागला, की पाहणाऱ्याला वाटावं इथे निरनिराळ्या गवतांचं बी पेरून पाहिलं आहे. म्हणजे कुरणात कोणतं गवत राहणार आणि कोणतं जाणार, हे बऱ्याच अंशी आपण काय देतो आणि काय नेतो यावर ठरतं. "आमच्या माळावर आता कुसळच येतं" असं म्हणताना हे आठवावं.

शेणखत दिलं, तरी बिघडलं

तुम्हाला वाटेल, शेणखताचा तुकडा पहिल्यापासून सगळ्यांत सरस ठरला असेल. तसं झालं नाही. सुरुवातीला दोन तुकड्यांना दरवर्षी एकरी १४ टनांच्या हिशेबाने शेणखत दिलं. आपल्या बैलगाडीच्या मापाने एकरी तीसेक गाड्या झाल्या, त्याही दरवर्षी आणि पृष्ठभागावरच. कारण कुरणात नांगरून खत गाडता येत नाही. परिणाम असा झाला, की खताच्या थराखाली गवतच बिघडू लागलं. आठ वर्षांनी, १८६३ नंतर, हे देणं थांबवावं लागलं.

मग १९०५ साली शेणखत पुन्हा आलं, पण शहाणपणाने. तीन तुकडे निवडले आणि दर चौथ्या वर्षीच खत द्यायचं ठरलं. त्यातल्या एका तुकड्याला मधल्या काळात मासळीची कुटीही देत, तीही चार वर्षांतून एकदा. २००३ पासून मासळीच्या कुटीऐवजी कोंबडी खताच्या गोळ्या देतात. चार वर्षांतून एकदा दिलेल्या खताने गवत दबलं नाही, उत्पन्न चांगलं राहिलं, आणि आता पुढे सांगतो तशी माती आंबली नाही.

खत तेच, माणसंही जाणती. फरक पडला तो मात्रेचा आणि पाळीचा. आपल्या दृष्टीने हा फार मोठा धडा आहे. "सगळ्या कुरणाला पुरेल इतकं शेणखत आणू कुठून?" असं आपण म्हणतो. पण सगळ्याला दरवर्षी देण्याची गरजच नाही.

शेणखताचा गुण किती काळ टिकतो, हेही त्याच संस्थेत दिसलं. तिथल्या बार्लीच्या शेतात एका पट्ट्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षं शेणखत दिलं आणि मग कायमचं बंद केलं. कधीच खत न मिळालेल्या पट्ट्यापेक्षा त्या मातीतला सेंद्रिय अंश शंभर वर्षांनंतरही जास्त भरला. आजोबांनी टाकलेलं खत नातवाला पावलं, ही नुसती म्हण नाही.

नुसत्या नत्राची गोष्ट

आता दुसऱ्या टोकाच्या तुकड्यांकडे वळू. काहींना अमोनियम सल्फेटमधून नत्र मिळत गेला. सुरुवातीला गवत जोमात आलं. पण अमोनियाच्या खताने माती हळूहळू आम्ल होत जाते. दशकामागून दशकं ते साठत गेलं आणि जिथे चुना दिला नव्हता तिथल्या मातीचा सामू साडेतीनच्या आसपास आला. म्हणजे माती दह्याहूनही आंबट झाली, बरं का! अशा मातीत गांडूळ राहत नाही. गांडूळ नाही म्हणून वाळलेलं पाचट कुजत नाही. कुजत नाही म्हणून जमिनीवर त्याची गादी साचते. जिथे पूर्वी अनेक जातींचं गवत होतं तिथे दोन-तीन जातीच उरल्या. काही ठिकाणी तर एकाच जातीचं राज्य झालं.

याच्या उलट, ज्या तुकड्यांना काहीच दिलं नाही तिथे उत्पन्न कमी, पण वनस्पतींच्या जाती सगळ्यांत जास्त, तीस-चाळीसच्या घरात. पुढे १९०३ पासून तुकड्यांच्या अर्ध्या भागांना चुना द्यायला सुरुवात झाली आणि चुना मिळालेला भाग पुष्कळ सावरला.

याचा अर्थ नत्र म्हणजे विष, असा मुळीच घेऊ नका. सोडियम नायट्रेटमधून नत्र मिळालेले तुकडे असे आंबले नाहीत. दोष एकाच प्रकारचं खत, एकटंच, वर्षानुवर्षं देत राहण्यात आहे.

फुकटात नत्र देणारी मंडळी

सर्वांत उपयोगी धडा मला वाटतो तो पुढचा. काही तुकड्यांना नत्र अजिबात दिला नाही. फक्त स्फुरद, पालाश आणि इतर क्षार दिले. तिथे काय झालं? तांबडं क्लोव्हर आणि लाखीच्या कुळातली एक वेल, अशा द्विदल वनस्पती वाढल्या. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमचं भावंडंच. द्विदलांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात. त्यामुळे खतातून नत्र न देताही गवताला नत्र मिळाला, उत्पन्न वाढलं आणि चारा जास्त प्रथिनांचा झाला. नत्र भरपूर मिळणाऱ्या तुकड्यांत मात्र उंच गवत माजलं आणि त्याच्या सावलीत द्विदलं नाहीशी झाली.

गेलेली द्विदलं परत येतात का? येतात. १९८९ नंतर काही तुकड्यांच्या अर्ध्या भागाचा नत्र थांबवून पाहिला. काही वर्षांत तिथे द्विदलं पुन्हा दिसू लागली. बिघडलेलं कुरण सुधारतं. वेळ मात्र द्यावा लागतो.

आपल्याकडे काय घडत होतं?

तिकडे हे मोजमाप चाललं होतं, त्या काळात आपल्याकडे जाणती माणसं झोपलेली नव्हती. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात हाच विषय आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, गवत, मेलेले किडे-प्राणी यांचं सत्त्व पावसाबरोबर शेतात येतं आणि बांध नसले तर वाहून जातं, हे त्यांनी दाखवलं आणि बांध-ताली घालण्याची मागणी केली. चराईची रानं सरकारने ताब्यात घेतल्यामुळे गरिबांच्या जनावरांचे हाल झाले, तेही त्यांनी सांगितलं. चारा, जनावर, खत आणि शेत ही एकच साखळी आहे, हे त्यांना नेमकं उमगलं होतं.

पुढे १८८९ अखेर जॉन ऑगस्टस व्होल्कर हा इंग्रज शेती-रसायनशास्त्रज्ञ सरकारच्या बोलावण्यावरून इथे आला. वर्षभर देशभर हिंडला. १८९३ साली त्याचा अहवाल निघाला. इथल्या शेतकऱ्याला काही कळत नाही, असा साहेबी समज तेव्हा होता. व्होल्करने तो खोडून काढला. त्याचं म्हणणं असं, की शेतकरी शेण जाळतो ते अडाणीपणाने नव्हे, त्याला सरपण मिळत नाही म्हणून. सरपणाची आणि चाऱ्याची राखीव रानं लावा, मग शेण आपोआप शेताकडे वळेल. आजही गोवऱ्या थापणाऱ्या माउलीला दोष देण्याआधी हे वाक्य आठवावं.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात आणखी एक गोष्ट चालली होती. डहाणू, पालघर, वाडा या बाजूच्या वरकस जमिनीवरचं गवत कापून, वाळवून मुंबईच्या तबेल्यांना जाई. हा व्यापार केवढा होता, हे एकावरून कळेल: १९४५ साली वारली बांधवांनी गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने जो लढा दिला, त्यातली एक मुख्य मागणी गवत कापणीच्या मजुरीची होती. त्या मजुराच्या कष्टांची कथा मोठी आहे, ती इथे पुरी सांगता येत नाही. पण जमिनीच्या अंगाने पाहा. गवत मुंबईला गेलं, दूध मुंबईने प्यालं आणि शेणही मुंबईतच राहिलं. डोंगराकडे परतीची गाडी रिकामीच आली. आपण गवताच्या गासड्या विकतो तेव्हा आपल्याही कुरणाचं हेच होत असतं.

इंदूरचा धडा

या साखळीचा तुटलेला दुवा जोडण्याचं काम आपल्याच शेजारी, होळकरांच्या इंदुरात झालं. अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारातल्या पुसा इथे आला होता. १९२४ ते १९३१ या काळात त्याने इंदूरच्या संस्थेत काम केलं. तिथे यशवंत वाड हे रसायनतज्ज्ञ त्याच्याबरोबर होते. शेतातल्या टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याच्या पद्धतीवर दोघांनी मिळून १९३१ साली पुस्तक काढलं. तीच ही 'इंदूर पद्धत'.

तिची मेख दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे, नुसतं शेण साठवायचं नाही. काडीकचरा, गव्हाणीतलं उष्टं, पाचट, तण, यांचे थर करायचे आणि त्यावर शेणाचा काला, राख व मुताची माती घालायची. खड्डा दोन-तीन फूटच खोल, म्हणजे हवा खेळते. ओल टिकवायची आणि तीन वेळा चाळवायचं: पहिल्यांदा पंधरवड्याने, दुसऱ्यांदा आणखी पंधरवड्याने आणि तिसऱ्यांदा दोन महिने झाल्यावर. तीन महिन्यांत खत तयार. थोड्या शेणात पुष्कळ खत, हा याचा फायदा.

दुसरी गोष्ट मुताची माती. हॉवर्ड-वाड यांच्या पद्धतीत गोठ्याच्या जमिनीवर सुमारे सहा इंच मातीचा थर ठेवत. ती मूत शोषून घेई. तीन-चार महिन्यांनी ती खणून खतात वापरायची आणि नवी माती टाकायची. वर सांगितलंच की पालाश बहुतेक मुतात असतो आणि नत्राचाही मोठा वाटा त्यातच असतो. आपण शेण जपतो आणि मूत गटारात सोडतो. म्हणजे दूध सांडून भांडं जपल्यासारखं झालं.

चूल की कुरण?

राहिला प्रश्न सरपणाचा. त्याचं उत्तर गोबर गॅसने दिलं. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस करून पाहिला होता. शेणाच्या गॅसवर दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमारास काम झालं. १९५० नंतर जशभाई पटेल यांनी घरगुती संयंत्र बसवलं, खादी ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेलं आणि १९८१-८२ पासून राष्ट्रीय योजनाच सुरू झाली. यात जळतो तो वायू. नत्र, स्फुरद, पालाश मळीत शिल्लक राहतात. चूलही पेटते आणि कुरणाचा वाटाही वाचतो. गोवरी जाळली की नत्र धुरात गेला, हातात उरली फक्त राख. ती राखसुद्धा फेकू नका. तिच्यात पालाश आणि चुना असतो.

तिकडचं इकडे किती लागू?

कुणी विचारेल, इंग्लंडचं गवत आणि आमचा माळ यांचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. तिकडे वर्षभर रिमझिम, इकडे चार महिन्यांत सारा पाऊस. आपल्या देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनी सहजासहजी आंबत नाहीत. त्यामुळे आम्लतेचा धोका कोकण, गोवा आणि घाटमाथ्याच्या जांभ्या जमिनींत जास्त आहे. पठारावर त्याहून मोठं दुखणं म्हणजे धूप आणि पाण्याची कमतरता. शिवाय तिथलं क्लोव्हर इथे चालायचं नाही. पण न्यावं तितकं परत द्यावं, थोडं थोडं पाळीने द्यावं, द्विदलाला सोबत ठेवावं, हे नियम मात्र कुठेही तेच.

द्विदलाची सोय आपल्याकडेही आहे. माळावर स्टायलो, पाण्याची थोडी सोय असेल तर दशरथ घास, बांधावर सुबाभूळ. झाशीला १९६२ साली स्थापन झालेल्या गवत व चारा संशोधन संस्थेने आणि आपल्या उरुळीकांचनला १९६७ साली मणिभाई देसाईंनी उभ्या केलेल्या 'बायफ' संस्थेने चारा पिकांवर पुष्कळ काम केलं आहे. त्यांची माहिती आणि बियाणं यांचा लाभ घ्या.

तर मग आपण काय करायचं?

१. कुरणाचे चार भाग पाडा. दरवर्षी एकाच भागाला खत द्या. चार वर्षांत सगळ्या कुरणाची पाळी येईल. एकरी चार-पाच गाड्या, म्हणजे सुमारे दोन टन, चांगलं कुजलेलं खत देऊन सुरुवात करा. ढेकळं फोडून पातळ पसरा. थर बसता कामा नये.

२. खत पसरण्याची वेळ साधा. भर उन्हाळ्यात पसरलं तर नत्र उडतो, मुसळधार पावसात पसरलं तर वाहून जातं. पहिल्या एक-दोन सरी पडून जमीन ओली झाली की पसरा. उतारावर आधी समपातळीत चर किंवा बांध घ्या. बांध नाही तर खत ओढ्याला दिल्यासारखं होईल.

३. कच्चं शेण कुरणात टाकू नका. त्यात तणांचं बी जिवंत राहतं. गाजरगवत पुण्यात प्रथम १९५५ साली नजरेस आलं, आज ते कुठे नाही ते सांगा! फुलावर येण्यापूर्वीच ते उपटून खड्ड्यात घाला. फुलावर आलेलं खतात घालू नका.

४. मूत वाया घालवू नका. गोठ्यात मातीचा थर किंवा वाळलेल्या पाचटाचं अंथरूण ठेवा. फरशी असेल तर नाली खतखड्ड्याकडे वळवा. पॅरा गवताचा तुकडा असेल तर गोठा धुतलेलं पाणी त्याला सोडा. त्याला ओल आणि खत दोन्ही मानवतं.

५. स्टायलोचं बी पहिल्या पावसावर विरळ जागी फोका. द्विदलाला नत्र नको, स्फुरद हवा. खड्डा भरतानाच त्यात हाडांची पूड किंवा खनिज स्फुरद मिसळलं तर कुरणाला स्फुरदाचा पुरवठा होतो.

६. मेंढ्या बसवण्याची जुनी रीत सोडू नका. कापणीनंतर धनगर बांधवांना बोलवा. लेंड्या आणि मूत जागच्या जागी पडतात, वाहतुकीचा खर्च नाही.

७. फुलोऱ्यावर कापा. कुरणाला खत द्यायचं आणि गवत डिसेंबरात काडी झाल्यावर कापायचं, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. बी झडून गेल्यावर गवतात प्रथिनं फारशी उरत नाहीत, कुसळं तेवढी जनावराच्या तोंडाला बोचतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडीप पाहून फुलोऱ्यात कापा, उलटून-पालटून वाळवा आणि दाबून गंज रचा. पावसाचा भरवसा नसेल तर एकदम सारं न कापता तुकड्या-तुकड्याने कापा. प्रत्येक वर्षी एक पट्टा बी पडण्यासाठी उभा ठेवा, दरवर्षी वेगळा.

८. गवत विकायचं झालं तर विका, पैशाची नड कुणाला नसते! पण विकलेल्या दर टनामागे कुरणाला काय परत करणार, हे त्याच दिवशी ठरवा. गाड्या मोजताना भाव मोजतो, तसं खतही मोजा.

यातलं एकदम सगळं कुणाला जमणार नाही. एका जनावराचं शेण दिवसाला सरासरी १० किलो धरलं, तरी दोन जनावरांचं वर्षाला सात टन ओलं शेण होतं. त्यातला अर्धा भाग जरी काडीकचऱ्याबरोबर कुजवला, तरी एका एकराच्या पाळीचं खत घरातच तयार झालं. बाकीचं उसाला, भाजीला खुशाल द्या. कुरणाचा हक्काचा वाटा तेवढा बाजूला काढा, कारण हे शेण मुळात त्याच गवताचं झालेलं आहे.

फळ पहिल्याच वर्षी दिसेल असं मी सांगणार नाही. पहिल्या वर्षी रंग बदललेला दिसेल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विरळ जागा भरून येऊ लागतील. चार पाळ्या फिरल्या की पवना-मारवेल कुठे परतला आणि कुसळ कुठे हटलं, ते तुमचं तुम्हालाच दिसेल. त्यासाठी एक सोपी युक्ती करा. कुरणाच्या एका कोपऱ्यात दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद जागा खत न देता तशीच ठेवा. चार कोपऱ्यांना चार दगड पुरा. दरवर्षी कापणीच्या वेळी त्या जागेचं गवत आणि खत दिलेल्या तेवढ्याच जागेचं गवत वेगळं वाळवून तोला आणि भिंतीवर खडूने किंवा वहीत लिहून ठेवा. लॉज आणि गिल्बर्ट यांनी तरी याहून वेगळं काय केलं? त्यांनी तोललं, लिहून ठेवलं आणि पुढच्यांनी ते थांबवलं नाही, म्हणून १८५६ सालचा हिशेब आपण आज वाचू शकतो.

तुमच्या तोलाचे आकडे, आणि तुमच्या भागात कुरणाला खत देण्याची काही जुनी रीत असेल तर तीही, कार्यक्रमाच्या पत्त्यावर जरूर कळवा. खड्डा भरण्याबद्दल किंवा बियाण्याबद्दल काही अडचण असेल तर आपल्या गावच्या कृषी सहायकाला भेटा. यंदाचा उकिरडा पावसाआधी एकदा चाळवून घ्यायला मात्र विसरू नका.